आसराच्या डोहातली पाणगोचीड

उकंडरावाला जन्मभर एकाच गोष्टीची लाज वाटत आली, आपल्या नावाची. उकंडा म्हणजे उकिरडा. त्याच्या आधीची लेकरं आईच्या मांडीवरच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा सुइणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं तिथून उचललं आणि पसाभर ज्वारीला परत आईला विकलं. असं केलं की काळाला वाटतं, हा तर केर, याला काय न्यायचं. काळ फसला, पोरगं जगलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मनकर्णा मधेच अडली आणि तिच्याच करवल्या तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसल्या. साठी ओलांडली तरी ते हसू उकंडरावाच्या कानातून गेलं नव्हतं.

एरवी तो गावात कामाचा माणूस. उंबरदरा हे गाव सेनगावच्या पल्याड, डोंगराच्या पायथ्याला. तिथल्या ग्रामपंचायतीच्या पाण्याचं काम त्याच्याकडं. सकाळी मोटार लावायची, आळीआळीचा वॉल सोडायचा, सार्वजनिक विहिरीत टीसीएलची पांढरी पावडर टाकायची. पावडरीनं पाण्यातले रोगाचे जंतू मरतात, हे त्याला तालुक्याच्या शिबिरात शिकवलं होतं. तेवढंच शिकवलं होतं.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगरातून एक ओढा उतरतो. उतरता उतरता तो एका खडकाखाली थांबतो, तिथं आसराचा डोह आहे. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. त्या डोहात कुणी धुणं धुत नाही, म्हशी घालत नाही, मासळी धरत नाही. बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की लेकराला घेऊन तिथं पाणी पुजायला जाते, हळदीकुंकू वाहते, ओंजळभर पाणी लेकराच्या टाळूला लावते. मगच ती विहिरीवर जायला मोकळी. गावातल्या इतर पाण्याचं काय व्हायचं ते झालं, शेतातली औषधं आली, गटारं आली, पण आसराचं पाणी तळ दिसेल असं राहिलं.

म्हणूनच यास्मीन म्याडम तिथं आली.

ती हिंगोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पावसाळा सरून ओढे निवळले तेव्हा ती ग्रामपंचायतीत येऊन विचारत होती, कुणी हात न लावलेलं वाहतं पाणी कुठं आहे का. सगळ्यांनी उकंडरावाकडं बोट दाखवलं. त्यानं तिला डोहावर नेलं, सोबत मनकर्णाही गेली, कारण परकी बाई आसराच्या पाण्यात उतरणार म्हणजे घरचं कुणी बायमाणूस पाहिजे.

म्याडमनं काठावर चपला काढल्या. "मावशी, मी इथं हात घातला तर चालेल ना? आमच्यात काही हळदीकुंकू नसतं."

"चपला काढल्या नं, झालं मग," मनकर्णा म्हणाली. "आसरा कायी भांडखोर न्हाईत. घाल हात."

तिचं काम बघण्यासारखं होतं. पाण्यातला दगड उचलायचा, त्याच्यावरचं शेवाळ ब्रशनं झाडून बारीक जाळीत घ्यायचं, ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि मग काहीच करायचं नाही. नुसतं बघत बसायचं. गाळ खाली बसतो, काड्याकचरा स्थिर होतो, आणि मग त्यातला एखादा तांबूस ठिपका चालायला लागतो. खसखशीचा दाणा चालायला लागावा तसा. उकंडराव ट्रे धरून उभा होता, त्यालाच पहिला दिसला.

"ह्यो काय वो? हाललं!"

"तोच तर हवा होता, काका." तिनं तो नळीनं अलगद ओढून औषधाच्या बाटलीत घेतला. "आठ पाय आहेत याला. कोळी, गोचीड यांच्या भावकीतला. पण हा पाण्यातच राहतो."

"म्हंजे पाणगोचीड."

"म्हणा. पण माणसाला, गुराला काही करत नाही. पिल्लं असताना पाण्यावरच्या चिलटांना चिकटतो, तेवढाच. आणि पाणी घाण झालं की आधी हाच मरतो."

हे तिनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढं जे झालं त्यात, मला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय त्याला राहिली नाही.

दिवाळीनंतर ती परत आली तेव्हा तिचं तोंड फुललेलं होतं. ओट्यावर बसून तिनं मोबाईलवर एक चित्र दाखवलं, तिनंच काढलेलं. खसखशीचा तो दाणा त्यात परातीएवढा दिसत होता, त्याच्या पायावरचे केससुद्धा एकेक करून काढलेले. असा प्राणी आजवर कुणी लिहून ठेवलेला नाही, ती म्हणाली. जात नवी आहे. पण मिळालेल्या सगळ्या माद्याच आहेत. या कुळातल्या जाती नरावरून नीट ओळखू येतात, त्याच्या पोटाखालच्या तबकड्यांवरून. नर मिळाल्याशिवाय छापायला पाठवलं तर लोक विचारतील, कशावरून नवी?

"नर मिळाला की मी सगळं वर्णन लिहिणार आणि नाव देणार. नाव तुमचं द्यावं म्हणते, काका. शास्त्राच्या रीतीनं, उकंडी."

उकंडराव बघतच राहिला. "माझं काहून?"

"जागा तुम्ही दाखवलीत. पहिला तुम्हालाच दिसला. तुमच्या नावाचा अर्थ काय हो?"

मनकर्णानं नवऱ्याकडं पाहिलं. उकंडरावानं पाहिलं नाही. "कायी न्हाई. जुनं नाव हाय, असंच."

"बरं. पण एवढ्यात कुणाला सांगू नका. माघात पुन्हा येते, तेव्हा नर बघू."

आता ज्या माणसाच्या नावाला जन्मभर लोक हसले, त्याला सांगायचं की तुझं नाव जगाच्या पुस्तकात जाणार, आणि वर सांगायचं, बोलू नकोस. चार दिवस त्यानं कळ काढली. पाचव्या दिवशी सेनगावला मोटारीचं सामान आणायला गेला आणि स्टँडजवळच्या बालाजीच्या हॉटेलात चहा पिताना त्याच्या तोंडातून सुटलं. नुसतं सुटलं नाही, त्यानं तिखटमीठ लावून सांगितलं. आसरांच्या डोहात सापडलेला प्राणी, जगात दुसरीकडं कुठंच नाही, आणि नाव कुणाचं? बाजूच्या बाकावर पेपरात बातम्या देणारा एक गृहस्थ भजी खात होता. त्यानं भज्याचा हात पुसला आणि मोबाईल काढला.

दोन दिवसांनी पेपरात आलं, 'देवीच्या डोहात गोचिडीची नवी जात! उंबरदऱ्याच्या उकंडरावांचे नाव देणार.' खाली कुत्र्याच्या कानातल्या गोचिडीचा मोठा फोटो. तो त्यांनी कुठून आणला त्यांनाच ठाऊक.

पारावर नेमसिंगनं पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. नेमसिंग शेजारच्या तांड्यावरचा, उकंडरावाचा लहानपणापासूनचा दोस्त. दोस्त म्हणूनच त्याची जीभ जास्त चालायची.

"वाघाला न्हाई, मोराला न्हाई, गोचिडीला नाव! म्याडमनं बराबर माणूस हेरला. उकंड्या, एकदा ग्रामपंचायतीला चिकटलास तो अजून सुटला न्हाईस!"

पार हसला. उकंडरावही हसला, कारण न हसून सांगतो कुणाला.

"आन् आसराच्या पाण्यात गोचिड्या?" दुसरा कुणी म्हणाला. "आपल्या बायका लेकरांच्या टाळूला काय लावून राहिल्या मग?"

या वाक्यावर कुणी हसलं नाही. उकंडराव पारावरून उठून घराकडं निघाला, कारण त्याची लेक पुनम त्या दिवसांत घरीच होती, पहिल्या बाळंतपणाला आलेली. सव्वा महिना भरत आला होता.

पाणी पुजण्यासाठी पुनमच्या सासरच्या गावाहून, डोंगरकड्याहून, तिची सासू आली. जीपमधून उतरली, लेकराचं तोंड पाहिलं, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "व्याहीबुवा, राग मानू नका. आमच्याकडं बी पेपर येतो. ते गोचिडीचं पाणी माझ्या नातवाच्या टाळूला लागणार न्हाई. पूजा आमी आमच्या गावच्या आडावर करू."

ओट्यावर आळीतल्या बायका बसलेल्या होत्या. पुनम दारात लेकरू घेऊन उभी होती, ती आत वळली. लेकीची पूजा माहेरच्या आसरापुढं न होता सासरच्या आडावर होणार, म्हणजे माहेरचं पाणी बाटलं असंच झालं.

"तसं कायी न्हाई वो," उकंडराव म्हणाला. "पेपरवाले लिवतात कायी बी. पाणी एकदम साफ हाय. उद्या डोहावर या तर, तुमीच बघा. एक किडा दिसला तर माझं नाव बदला."

"नाव तर बदलायलाच झालंय तुमचं," विहीणबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या. तेच हसू, पदराआडचं.

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर उकंडरावानं ग्रामपंचायतीच्या खोलीतून टीसीएलची गोणी डोक्यावर घेतली आणि डोह गाठला. विहिरीत टाकायची तर मूठमूठ भिजवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी ओतायचं. इथं त्यानं घमेल्यांनी भरली आणि कोरडीच फेकली. पाणी दुधासारखं झालं, वास नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं. आपण साफसफाई करतो आहोत असं तो मनाला सांगत होता. पण साफसफाई करणारा माणूस पुन्हा पुन्हा मागं वळून वाटेकडं बघत नाही.

दिवस उजाडायला तो टोपलं घेऊन परत आला. डोहावर बोटभर मासोळ्या पालथ्या पडून तरंगत होत्या. बेडकाची पिल्लं, पाणकिडे, झिंगे, सगळं काठाला लागलं होतं. एक खेकडा दगडाच्या फटीतून अर्धा बाहेर आला होता आणि तिथंच राहिला होता. आसरांच्या पाण्यात जन्मात कुणी गळ टाकला नव्हता, आणि त्यानं एका संध्याकाळी सगळंच मारलं होतं. त्यानं हातानं वेचून टोपलं भरलं, बाभळीखाली खड्डा करून पुरलं. सात दगडांकडं त्यानं पाठच ठेवली.

दुपारी विहीणबाई डोहावर आल्या, ओंजळ भरून वास घेतला आणि खूश झाल्या. "आता कसं! दवाखान्यासारखा वास येऊन राहिला. तुमचं पाणी बराबर साफ हाय, व्याहीबुवा." पूजा झाली, ओटी भरली, टाळूला पाणी लागलं. लेकरू त्या वासानं शिंकलं आणि सगळे हसले. मनकर्णा तेवढी हसली नाही. ती पाण्याकडं बघत होती.

पुनम सासरी गेली आणि माघ लागताच यास्मीन म्याडमचा फोन आला. "काका, शनिवारी येते. दोन दिवस आहेत माझ्याकडं. यावेळी नर घेतल्याशिवाय जात नाही."

तेव्हाच सांगता आलं असतं. फोनवर तोंड दिसत नाही, लाज निम्मी होते. तो म्हणाला, "या नं. डोहात पाणी हाय."

शनिवारी ती डोहात उतरली. पावडरीचा वास एव्हाना उडून गेला होता, पाणी काचेसारखं झालं होतं. तिनं दगड उचलला, झाडला, ट्रेमध्ये ओतला. उकंडरावानं नेहमीसारखा ट्रे धरला. दोघं वाट बघत राहिली. गाळ खाली बसला, काड्याकचरा स्थिर झाला, आणि तसाच राहिला.

"दुसरा दगड बघू," ती म्हणाली.

दुसरा झाला. तिसरा झाला. दुपारपर्यंत तिनं अर्धा डोह पालथा घातला. कुडकुडत्या पाण्यात गुडघाभर उभी राहून तिचे पाय पांढरे पडले होते. "पाण्यावर पळणाऱ्या निवळ्यासुद्धा दिसत नाहीत," ती पुटपुटली. "थंडीनं असेल का हो, काका?"

"असंल," उकंडराव म्हणाला.

संध्याकाळी ती त्यांच्याच घरी राहिली. मनकर्णानं ज्वारीच्या भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी केली. जेवताना म्याडम म्हणाली, "मावशी, काकांचे फार उपकार आहेत माझ्यावर. दिवसभर ट्रे धरून उभे होते, एकदा खाली ठेवला नाही." उकंडराव भाकरी नुसती कुस्करत राहिला. मनकर्णानं त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उन्हं डोक्यावर आली तेव्हा म्याडमचा हात दगडावरून सटकला, नखाजवळ फाटलं. तिनं बोट तोंडात धरलं आणि डोहाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "चुकलं काहीतरी माझंच. पहिल्या वेळी मीच जास्त उचलले असणार. सगळेच नेले वाटतं मी. माझ्यामुळं संपले."

उकंडरावानं ट्रे खडकावर ठेवला.

"तुमच्यामुळं न्हाई, म्याडम."

"मग?"

"मी पावडर टाकली. विहिरीची. टीसीएल."

तिला आधी कळलंच नाही. "कुठं?"

"हितंच. डोहात. पुनमची सासू म्हणली गोचिडीचं पाणी हाय, लेकराला लावणार न्हाई. मी अर्धी गोणी टाकली. सगळं मेलं. मासोळ्या, खेकडे, समदं. मी सकाळी येऊन पुरून टाकलं."

यास्मीन खडकावर बसली. पायांतून पाणी निथळत होतं. बराच वेळ ती सात दगडांकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं.

"मी काल सकाळपासून इथं आहे."

"व्हय."

"तुम्ही ट्रे धरून उभे होतात."

उकंडरावानं मान खाली घातली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, हात उगारला असता तरी चाललं असतं. ती फक्त बघत होती, दगड झाडल्यावर ट्रेमध्ये बघायची तशी, काही हलतं का म्हणून.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, काका. घाण झालं की आधी हाच मरतो."

"सांगितलं व्हतं."

"मग काहून?" ती पहिल्यांदाच त्याच्या बोलीत बोलली.

त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. बायका हसल्या म्हणून. साठी ओलांडलेल्या माणसानं हे कसं सांगायचं.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि अचानक उठून उभी राहिली. "पावडर डोहातच टाकली ना? वर नाही?"

"वर काहून टाकीन?"

"मग ती खाली गेली असेल. पाण्याबरोबर खालीच जाणार. वर काय आहे?"

"वर वाट न्हाई. उंबराच्या मुळ्यांखाली एक कपार हाय, तिच्यातून झिरपतं. पावसाळ्यात बरं असतं. आता निसती ओल असंल."

"चला."

"म्याडम, काटवण हाय निस्तं."

"चला म्हणते ना! ती ओल आटायच्या आत."

तो पुढं झाला. कोयता घरी होता, म्हणून त्यानं बोराटीच्या फांद्या हातानंच मोडल्या. हात ओरबाडले गेले, ते बरंच वाटलं. कपारीशी पोचले तेव्हा उंबराच्या मुळ्यांवर हिरवं शेवाळ होतं आणि त्याच्यातून पाण्याचा दोऱ्याएवढा ओघळ उतरत होता. तिनं शेवाळाचा चिमूटभर तुकडा काढला, ट्रेमध्ये पिळला. उकंडरावानं ट्रे धरायला हात पुढं केला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि ट्रे दगडावर ठेवला.

तो दूर उभा राहिला. तिथून त्याला ट्रेमधलं काही दिसत नव्हतं, फक्त तिची वाकलेली पाठ दिसत होती. ती पाठ किती वेळ हलली नाही. मग तिनं न बघताच हात मागं करून पिशवीतली नळी शोधली, आणि तेव्हा त्याला समजलं की काहीतरी चाललं आहे.

एकच मिळाला. नर का मादी हे यंत्राखाली घातल्याशिवाय कळणार नव्हतं. बाटली तिनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मनकर्णानं जेवणासाठी थांबायचा आग्रह केला, पण ती थांबली नाही. जीपमध्ये बसताना मावशीला सलाम केला. काकाला केला नाही.

जीप गेली तशी मनकर्णा म्हणाली, "सांगितलं का?"

"तुला ठाऊक व्हतं?"

"तुमच्या धोतराचा वास चार धुण्यांत गेला न्हाई." तिनं अंगणातली कोंबडी हाकलली. "मी वाट बघून राहिले व्हते, तुमच्या तोंडातून कवा येतं ते. तिच्या पायाचा रंग बघितला का तुमी, काल आली तवा? मढ्याचे पाय तसे."

फोन आठवड्यानं आला. "नर आहे," एवढंच ती म्हणाली.

"म्याडम, एक इनंती हाय. त्याला माझं नाव नका देऊ."

"मीही तोच विचार करतेय," ती म्हणाली. "मला राग आहे, काका. खोटं कशाला बोलू."

"बराबर हाय. शिवाय नाव बी चांगलं न्हाई. तुमी अर्थ इचारला, मी सांगितला न्हाई." आणि मग, का कुणास ठाऊक, त्यानं सगळं सांगितलं. आईच्या मांडीवरून गेलेली लेकरं, सूप, उकिरडा, पसाभर ज्वारी. "ज्याची भावंडं जगत न्हाईत त्याला हे नाव ठेवतात. काळानं त्याच्याकडं बघू न्हाई म्हणून."

पलीकडून कागद बाजूला सारल्याचा आवाज आला.

"एकच उरला होता तिथं," ती म्हणाली. "मग नाव तेच ठेवते. तुमच्यासाठी नाही. त्याच्यासाठी."

"जी."

"आणि डोहाचं काय झालं तेही लिहावं लागेल. तुमचं नाव त्यात घालणार नाही."

पुढचा पावसाळा सरला तेव्हा ते छापून आलं. गावाला कळलं तसा गावाचा नूर पालटला. जे पारावर हसले होते तेच म्हणायला लागले, आपल्या उंबरदऱ्याचं नाव जगात गेलं. ग्रामपंचायतीपुढं मांडव पडला, सत्कार ठरला. नको नको म्हणताना उकंडरावाला खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली, नारळ दिला. डोंगरकड्याहून विहीणबाई आल्या होत्या, त्या पुढच्याच रांगेत बसून शेजारणीला सांगत होत्या, "आमचे व्याही हायेत ते." पुनमचं लेकरू त्यांच्या मांडीवर उभं राहत होतं.

यास्मीन म्याडमनं छापलेले कागद हातात घेऊन मराठीत सांगितलं, हा प्राणी केवढा, त्याचे पाय कसे, उंबराच्या मुळ्यांवरच्या शेवाळात तो कसा मिळाला, नाव उकंडी का ठेवलं. उकिरड्याची गोष्ट तिनं सांगितली तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. कुणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या. तिनं कागदाची घडी घालायला घेतली.

उकंडरावाला शाल अंगाला चावत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नावावर टाळ्या पडत होत्या, आणि त्याला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

"म्याडम," तो खुर्चीतूनच म्हणाला, "खालचं राह्यलं."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "नको, काका. आज नको."

"वाचा. लिवलंय नं तुमी?"

तिनं घडी उघडली आणि हळू आवाजात वाचलं. पहिल्या माद्या ज्या डोहात मिळाल्या, त्या डोहात नंतर पाणी शुद्ध करायची पावडर मोठ्या प्रमाणात टाकण्यात आली. त्यानंतर दोन दिवस शोध घेऊनही तिथं एकही जिवंत प्राणी आढळला नाही.

मांडवात कुजबुज झाली. "आसराच्या डोहात पावडर?" नेमसिंग ताडकन उभा राहिला. "कोण्या हलकटानं टाकली?"

"मी," उकंडराव म्हणाला.

नेमसिंग होता तिथंच खाली बसला. विहीणबाईंनी नातवाच्या टाळूवर हात ठेवला, मग मांडवाच्या खांबाकडं बघायला लागल्या. उकंडरावानं शाल काढली, नीट घडी घातली आणि नारळासकट टेबलावर ठेवली. लोक पांगले तेव्हा कुणी त्याला टाकून बोललं नाही आणि कुणी थांबवलंही नाही. म्याडम तेवढी जाताना त्याच्यापुढं थांबली. "येते, काका," म्हणाली. त्यानं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मोटार बंद करून तो डोहावर गेला. पावसाळ्यानं डोह भरला होता, वरच्या कपारीचं पाणी खळखळत येत होतं. सात दगडांपुढं तो आज तोंड करून बसला. पाण्यावर एक निवळी आली, थांबली, पुन्हा सरकली. त्याला नीट बघायचं होतं म्हणून तो वाकला, आणि मग आठवलं, सकाळीच विहिरीत पावडर टाकली आहे. हात धुतले होते. तरी वास असेल, म्हणून तो हात पाठीमागं धरून दोन पावलं मागं सरला आणि तिथूनच बघत राहिला.